सॅम्युअलच्या वाटचा घोट

प्रिय रिया आणि नोएल,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर नोएलने मला विचारलं, "आजी, तुझे बाबा दारू विकायचे आणि तू पाद्री होतीस, हे दोन्ही खरं आहे?" मागे तुमची आई कपाळाला हात लावून उभी असलेली मला दिसली. मी म्हटलं, दोन्ही खरं आहे, आणि त्याच क्रमाने. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि विषय तिथेच राहिला. इकडे जबलपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक बरेच दिवस माझ्या मागे लागले होते, की इतकी वर्षं पाळक म्हणून काम केलंत, त्यातलं काही लिहा. मी त्यांना सांगितलं, लिहीन, पण नातवंडांना लिहीन; छापायचं तर छापा. तेव्हा हे तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तर माझी हरकत नाही.

पाळक करतो तरी काय, असं मला रिक्षावाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे. रविवारी तासभर बोललात, मग बाकीचा आठवडा? बाकीचा आठवडा मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, आपापल्या घरी राहतात आणि तिथे त्यांचं काही ना काही होत असतं. बाळाचा बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, अंत्यविधी ही ठरलेली कामं. न ठरलेली जास्त. एका फोरमनसाहेबांनी मला नव्या कूलरवर प्रार्थना करायला बोलावलं होतं. 'आमेन' म्हणायच्या आत लाइट गेली, आणि मीच बटण बंद केल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. एका लग्नात नवरीने हळूच सांगितलं, भाऊ अजून रेल्वेत आहे, गाडीने नुकतंच कटनी स्टेशन सोडलं आहे. मग मी नवराबायकोच्या कर्तव्यांवर इतका वेळ बोलले, की भाऊ पोचेपर्यंत नवरदेवाचा चेहरा उतरला होता.

आता माझ्या बाबांविषयी. मध्य प्रदेशात देशी दारूच्या सरकारमान्य दुकानाला कलारी म्हणतात. बाबा भंडाऱ्याकडून इकडे आले आणि जबलपूरच्याच गोहलपूर वस्तीत त्यांनी कलारीचा ठेका घेतला. आई नागपूरच्या मिशन होस्टेलात वाढलेली ख्रिस्ती. बाबा हिंदू होते आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले, पण दर रविवारी आम्हाला टांग्यातून चर्चला सोडत आणि उपासना संपेपर्यंत बाहेर भिंतीवर बिडी ओढत बसत. आम्ही आत शेवटच्या बाकावर. तिथे कोणी बसवलं नव्हतं. पुढे बसा असंही कोणी म्हटलं नव्हतं. प्रभुभोजनाची वेळ आली, की लोक पुढे वेदीसमोरच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकायचे आणि कलारीवाल्याची बायको म्हणून आई जागेवरच मान खाली घालून बसायची. घरी आल्यावर मी एकदा रडले. बाबा म्हणाले, "काहून रडून राहिली? तू शिक. शिकलेल्या माणसाला कोणी मागं बसवत नाही." आणि त्यांनी मला शहरातल्या चांगल्यापैकी इंग्रजी शाळेत घातलं. ती फी कलारीतून आली. माझं इंग्रजी, माझी नीटनेटकी सही, पुढे शाळेतली माझी शिक्षिकेची नोकरी, सगळ्याचा पाया तिथे आहे. हे मी कधी लपवलं नाही, आणि लपवून भागलंही नसतं.

त्या दुकानात मी आणखी एक शिकले, जे शाळेत कोणी शिकवत नाही. बाबांचा डबा घेऊन जायचे तेव्हा गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून मी माणसं बघायचे. कोण आज नुसता थकून आला आहे आणि कोण घरी जायला घाबरतो आहे, हे मला चालीवरून कळू लागलं. वासावरून माल ओळखता येऊ लागला. मोठी झाल्यावर गोहलपूरच्या बायका मला बोलवायला यायच्या. दीदी, चलो ना, तुमचं ऐकतात ते. मी जायचे. प्यायलेल्या माणसाशी सकाळी बोलायचं, संध्याकाळी नाही, एवढं मला माहीत होतं. आमचे वृद्ध पाळक एकदा म्हणाले, तू माझंच काम करते आहेस, फक्त दीक्षा न घेता. मला कधी कसला आवाज ऐकू आला नाही, प्रकाश दिसला नाही. ख्रिस्ती भाषेत ज्याला पाचारण म्हणतात, देवाने सेवेसाठी हाक मारणं, ते माझ्या बाबतीत गोहलपूरच्या बायकांच्या तोंडून झालं असं मी धरून चालते.

पाळक होणार असं बाबांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ हसले. "म्हणजे माझी गिऱ्हाइकं तू नेणार म्हण. धंदा बसवशील माझा." मग डोळे पुसून म्हणाले, "कर. नीट कर." दुकान त्यांनी माझ्यासाठी सोडलं वगैरे काही नाही. पुढच्या लिलावात दुसऱ्याने जास्त बोली लावली, म्हणून सुटलं.

बिशपांच्या समितीसमोर माझी मुलाखत झाली. आमच्या मराठी मंडळीचे सचिव पाटोळेसाहेब त्या समितीत होते. रेल्वेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "दारूच्या पैशावर वाढलेली बाई वेदीपाशी उभी राहणार, हे तुम्हाला स्वतःला पटतं का?" मी म्हटलं, "साहेब, मलाच का बोलावलं हे मलाही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा." बिशप खोकल्याच्या निमित्ताने हसले. मला दीक्षा मिळाली. पण पाटोळेसाहेबांच्या आग्रहाने आमच्या मंडळीतली नेमणूक एक वर्षापुरती, पारखून घेण्यासाठी. वर्ष ईस्टरनंतर संपणार होतं.

त्याच वर्षी सॅम्युअल माझ्याकडे आला. हा फॅक्टरीतला खरादी, लेथवर काम करणारा. हात सोन्याचे, पण नोकरी दोनदा जाता जाता वाचलेली. तरुणपणी आमच्याच कलारीत बसायचा. एकदा पाऊल टाकता येईना, तेव्हा बाबांनी त्याला हाताला धरून घरी पोचवलं होतं, हे त्यानेच मला सांगितलं. आता त्याने दारू सोडली होती आणि सोडलेली टिकत होती. त्याची बायको रूथ दर रविवारी प्रभुभोजनाला पुढे जायची आणि हा मागच्या बाकावर बसून राहायचा, माझी आई बसायची तसा. मी कारण विचारलं. म्हणाला, "दीदी, माझा भरवसा नाही. एक थेंब जरी गेला ना, तर मी पुन्हा तिथंच."

इथे तुम्हाला थोडं समजावून सांगायला हवं. प्रभुभोजनात भाकरीचा लहानसा तुकडा आणि एका प्याल्यातला घोट सगळ्यांना देतात. काही चर्चमध्ये प्याल्यात खरी वाईन असते. आमच्या मंडळीत जुन्या मिशनऱ्यांच्या काळापासून मनुकांचा रस. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून मलमलीतून गाळायच्या. लहान बाळाला पाजावा इतका साधा. मी सॅम्युअलला आणि रूथला हे सगळं सांगितलं आणि वर माझा शब्द दिला, की या प्याल्यात दारू नसते, कधीच नसणार, त्याची जबाबदारी माझी. त्याने विचार करायला बरेच आठवडे घेतले. मग म्हणाला, "ईस्टरला येतो. पहिल्या रांगेत."

रस करण्याचा मान पाटोळेकाकूंचा, म्हणजे सचिवांच्या पत्नीचा. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंचा होता. त्या ईस्टरला काकूंच्या भावाने नाशिकहून काळ्या द्राक्षांची पेटी पाठवली. सणाला मनुका कशाला, ताज्या द्राक्षांचाच करू, असं त्यांनी प्रेमाने ठरवलं. उकळल्यावर रंग जातो म्हणून उकळला नाही. गोड व्हावा म्हणून साखर घातली. मुलगी-जावई येणार म्हणून सगळं आठवडाभर आधीच करून ठेवलं. फ्रिज पाहुण्यांच्या सामानाने भरलेला, म्हणून बरणी घट्ट झाकण लावून स्वयंपाकघरातल्या फळीवर. वर पत्रा आणि बाहेर जबलपूरचा एप्रिल. कलारीवाल्याच्या मुलीने हे ऐकलं असतं तर रस आंबणार हे लगेच ओळखलं असतं. पण मला हे सगळं कळलं ते नंतर. भरलेला प्याला त्या दिवशी झाकूनच वेदीवर आला.

ईस्टरच्या सकाळी चर्च भरलं होतं. मी भाकरीवर आणि प्याल्यावर प्रार्थना केली. आमच्या रीतीप्रमाणे पाळक आधी स्वतः घेतो आणि मग लोकांना देतो. मी प्याला ओठांना लावला आणि जिभेला चिमटा बसला. आंबूस, फसफसणारा, आणि गिळल्यावर छातीत उतरणारी ऊब. लहानपणापासून नाकाने ओळखीची गोष्ट, पण तोंडात पहिल्यांदाच. मी वळले. पहिल्या रांगेत कठड्यापाशी सॅम्युअल गुडघे टेकून होता, नवा पांढरा शर्ट, शेजारी रूथ.

विचार करायला वेळ असा नव्हताच. रस आंबला आहे असं सांगितलं, तर सणाच्या दिवशी काकूंची भर चर्चमध्ये शोभा आणि सॅम्युअलला कळणार, की मी शब्द दिलेल्या प्याल्यात दारू होती. मग तो पुन्हा त्या कठड्यापाशी कधी येणार? त्याला एकट्याला वगळलं, तर सगळ्यांदेखत त्याच्या कपाळावर शिक्का. मी प्याल्यावर रुमाल झाकला आणि म्हटलं, "आज प्रभुभोजन फक्त भाकरीने होईल." आणि भाकरी वाटत गेले. सॅम्युअलच्या तळहातावर तुकडा ठेवला तेव्हा त्याने वर बघितलं. ती नजर मला आवडली नाही.

आता प्याल्याचं काय? प्रार्थना झालेला प्याला आमच्याकडे मोरीत ओतत नाहीत आणि बरणीत परत टाकत नाहीत. जे उरेल ते पाळकाने वेदीपाशीच संपवायचं. एरवी दोन घोट उरतात. त्या दिवशी ईस्टरचा मोठा चांदीचा प्याला काठोकाठ होता. मदतीला कोणाला बोलवावं, तर वास जाहीर. मी पाठमोरी उभी राहिले आणि सगळा पिऊन टाकला. प्रभुभोजनापर्यंतचा उपवास होता, पोटात काही नाही. शेवटचा आशीर्वाद मी वेदीचा कठडा धरून दिला. त्यानंतर पाळकाने दारात उभं राहून प्रत्येकाशी हात मिळवायचे असतात. चौकटीला टेकून मी सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा दिल्या, काहींना दोनदा. पाटोळेसाहेब समोर आले, थांबले, नाक आकसलं. हात न मिळवताच पुढे गेले. तिथेच काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मग रूथ आली. आमचे हे निघून गेले, म्हणाली. काही सांगितलं नाही, गोहलपूरकडे वळले.

तुमचे आजोबा गणिताचे शिक्षक, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, स्कूटर काढली आणि म्हणाले, घट्ट धर. ओमतीच्या भर बाजारातून मी त्यांच्या कमरेला मिठी मारून गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

सॅम्युअल कलारीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. तीच कलारी, आता दुसऱ्याची. ग्लासातला चहा तसाच होता आणि नजर रस्त्याच्या पलीकडे. आजोबा स्कूटरपाशी थांबले, मी त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

"काहून आल्या दीदी?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "माझ्यापायी पूर्ण मंडळीचा प्याला रोखला तुम्ही. सब समझ गये. सॅम्युअलचा भरवसा नाही. मी तर पहिलेच बोललो होतो."

मी म्हटलं, "सॅम्युअल, इकडे वाका." तो वाकला नाही. मग मीच वाकले आणि त्याच्या तोंडासमोर श्वास सोडला.

त्याने झटकन मान वळवली. पुन्हा हुंगलं, अगदी कामगाराने काम तपासावं तसं.

"दीदी, तुम्ही पिऊन राहिल्या?"

"काय आहे ते सांगा."

"द्राक्षाची आहे. कच्ची. गर्मीत चढलेली." मग त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली मला दिसली. बरणी कोणाची असते हे त्यालाही माहीत होतं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"किती घेतली?"

"सगळी."

"ईस्टरच्या प्याल्यातली पूरी?" रस्त्यावरून एक लग्नाचा बँड न वाजवता चालला होता, तो त्याने जाऊ दिला. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या वाटची पण?"

"तुमच्या वाटची पण."

त्याने आपला चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, "हे घ्या आधी. नाहीतर उलटी होईल." आणि टपरीवाल्याला दुसरा सांगितला, कडक, साखर जास्त. त्या कामात त्याच्याइतका अनुभवी माणूस मला भेटला नसता. तासाभराने मला धड दिसायला लागलं, तेव्हा तो आजोबांच्या स्कूटरच्या मागे सायकल घेऊन आमच्या घरापर्यंत आला. कलारीकडे पाठ करून.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाटोळेसाहेबांनी मंडळीची बैठक बोलावली. बिशपही आले होते. माझी नेमणूक पक्की करायची की मला पाठवून द्यायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. मी सॅम्युअलला सांगून ठेवलं होतं, की काही झालं तरी बोलायचं नाही. काकूंचं नाव माझ्या तोंडून निघणार नव्हतं. साहेबांनी विचारलं, ईस्टरला तुम्ही प्यायलेल्या होता का? हो, म्हटलं. कुठे प्यायलात? वेदीपाशी. लोकांना प्याला का दिला नाही? ते माझ्यापाशी राहू द्या, म्हटलं. ते बिशपांकडे वळले. म्हणाले, मूळ शेवटी मूळच असतं, मी पहिल्या दिवशीच हे सांगितलं होतं.

बायकांच्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पाटोळेकाकू उभ्या होत्या. नवऱ्यासमोर चारचौघांत बोललेल्या त्यांना कोणी ऐकलं नव्हतं.

"त्यांना काय विचारता, मला विचारा," काकू म्हणाल्या. "रस माझा. ईस्टरच्या दुपारी बरणीतला उरलेला जावईबापूंना दिला. दोन ग्लास प्याले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत."

साहेब म्हणाले, "त्यांना ऊन लागलं होतं."

"घरात बसून?"

मागच्या बाकांवर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू पुढे पुढे आलं. बिशपांनाही खोकला आला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. आठ दिवस त्यांनी हे मनात ठेवलं होतं आणि नवऱ्याची पत सांभाळायची की माझी, हे त्यांना एकटीनेच ठरवायचं होतं, हे मला तेव्हा समजलं.

मग सॅम्युअल उठला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, त्याने बघितलंच नाही. "प्याला माझ्यासाठी रोखला," म्हणाला. "मला शब्द दिला होता. सर्वांना माहीत आहे मी कोण आहे. तर आता एक सांगतो. पुढचा रस मी उकळीन. माझ्या घरी, रूथच्या समोर."

कोणीतरी कुजबुजलं, दारुड्याच्या हातचा? पाटोळेसाहेब म्हणाले, यावर मत घ्यावं लागेल. तिथे माझी सगळी शाळा-कॉलेजची शिस्त कामाला आली. मी उभी राहून म्हटलं, की नियमाप्रमाणे प्रभुभोजनाची तयारी कोणी करायची हे पाळक ठरवतो, आणि मी आत्ता या क्षणाला इथली पाळक आहे की नाही, एवढंच समितीने सांगावं. बिशप म्हणाले, आहात. मग झालं, म्हटलं. सॅम्युअल उकळणार.

माझी नेमणूक त्या दिवशी पक्की झाली आणि निवृत्तीपर्यंत मी त्याच मंडळीत राहिले. सॅम्युअल दर वेळी मनुका दोनदा उकळायचा. एकदा पुरतं, असं मी कितीदा सांगितलं. काही वर्षांनी प्याला धरून लोकांना द्यायला मी त्यालाच शेजारी घेतलं. सगळेच त्याच्या हातून घ्यायला लागले असं नाही. पाटोळेसाहेब भाकरी घेऊन उठून जायचे, पोटाचा त्रास आहे असं सांगून. तो त्रास त्यांना शेवटपर्यंत राहिला आणि त्यांचं मन मला वळवता आलं नाही, याची खंत मला आहे. काकू मात्र गुडघे दुखत असतानाही त्याच्याच बाजूच्या रांगेत येऊन टेकायच्या. गोहलपूरचे काही जण सॅम्युअलला प्याला धरलेला बघून आत आले, काही आले आणि परत गेले. ज्यांना मी परत आणू शकले नाही, त्यांची नावं मी अजून प्रार्थनेत घेते.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी नवे तरुण पाळक वेदीपाशी उभे होते आणि दीक्षा घेतल्यापासून मी पहिल्यांदाच लोकांमध्ये जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकले. इतकी वर्षं मी स्वतःच्या हाताने घेत आले होते. मला कोणी दिलं नव्हतं. सॅम्युअल प्याला घेऊन रांगेने येत होता. आता केस पांढरे, हात मात्र लेथवरचे, जरासुद्धा न थरथरणारे. माझ्यासमोर आल्यावर त्याने प्रत्येकाला म्हणायचे ते शब्द मला म्हटले, प्याला माझ्या ओठांशी धरला आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "बेफिकर घ्या दीदी. उकळलेला आहे."